एचपीव्ही पॉझिटिव्ह, सात बाटल्या आणि पुढे ढकललेली कोल्पोस्कोपी: एक प्रकरण अभ्यास

पहिल्या भेटीत खुर्चीवर बसण्याआधीच तिनं कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. सात बाटल्या निघाल्या. दोन घरंगळत कडेला आल्या, त्यातली एक मी हातानं अडवली. पुढच्या बाजूला ‘इम्युनिटी’ हा शब्द ठळक अक्षरांत होता. आत किती काय आहे ते मागच्या बाजूला इतक्या बारीक टायपात छापलेलं होतं की मला चष्मा काढून पुसून पुन्हा लावावा लागला.

“मॅडम, तुम्ही सांगाल ते खाईन. लिहून द्या, एक दिवस चुकवणार नाही. पण तीन महिन्यांत हा व्हायरस अंगातून गेला पाहिजे.”

मी एचपीव्हीचा, म्हणजे मुख्यतः शरीरसंबंधातून पसरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, रिपोर्ट मागितला. तारीख अकरा आठवड्यांपूर्वीची होती. खाली स्त्रीरोगतज्ज्ञांनी पेननं लिहिलं होतं: कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी.

“ही कधी झाली?”

“नाही केली. व्हायरसच गेला तर ती कशाला लागेल?”

मी आहारतज्ज्ञ आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवायचीय’ म्हणत माझ्याकडे बरेच जण येतात. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण आहार कुठं उपयोगी पडतो, कुठं पडत नाही आणि कुठं चक्क आड येतो, हे तिन्ही एकाच बाईच्या बाबतीत मला पाहायला मिळालं. तिच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत.

रिपोर्टवरच्या दोन ओळी

वय ४१, लग्नाला पंधरा वर्षं, दोन मुलं. नोकरी पाळ्यांची, महिन्यातून दोन आठवडे रात्रपाळी. त्रास काहीच नव्हता. नेहमीच्या तपासणीत एचपीव्ही चाचणी झाली आणि रिपोर्टवर दोन ओळी आल्या. पहिली: एचपीव्ही टाइप १६ आढळला. दुसरी: पेशींमध्ये विकृत बदल नाहीत.

पहिली ओळ वाचून तिला वाटलं, कॅन्सर झाला. दुसरी वाचून वाटलं, अजून काही झालेलं नाही, म्हणजे वेळ आहे. दोन्ही अर्थ अर्धवट होते आणि या दोन अर्धवट अर्थांच्या मध्ये तिचे अकरा आठवडे गेले.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यातले जेमतेम डझनभर कर्करोगाशी जोडलेले आहेत, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. दुसरीकडे, संसर्ग झालेल्यांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास लोकांमध्ये शरीर स्वतःच दोन वर्षांच्या आत विषाणूला आटोक्यात आणतं. प्रश्न उरतो तो चिकटून राहणाऱ्या संसर्गाचा. त्यातूनही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती फार कमजोर असेल, उदाहरणार्थ उपचार न घेतलेल्या एचआयव्हीत, तर ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो.

म्हणजे वेळ असतो, पण जिच्यावर डॉक्टरांची नजर आहे तिच्यासाठी. पेशींच्या, म्हणजे पॅप तपासणीतून बदल निसटू शकतात आणि टाइप १६ हा सगळ्यांत चिवट, म्हणूनच पेशी नॉर्मल दिसत असतानाही या प्रकारात थेट कोल्पोस्कोपीला पाठवतात. हे तिला कुणी नीट समजावलं नव्हतं. कदाचित समजावलंही असेल, पण ‘१६’ ऐकल्यानंतरचं तिच्या कानांत शिरलं नसेल. अशा वेळी पहिल्या वाक्यापुढचं फारसं कुणाला आठवत नाही.

शरीराला हा विषाणू दिसतच नाही

इथं थोडं खोलात जाते, कारण तिच्याशी झालेलं पुढचं सगळं बोलणं यावर उभं होतं.

फ्लूचा विषाणू घुसला की अंगात गोंधळ उडतो. ताप येतो, घसा सुजतो, पेशी फुटतात, प्रतिकारयंत्रणा धावून येते. एचपीव्ही असं काही करत नाही. त्वचेला किंवा श्लेष्मल आवरणाला पडलेल्या अतिसूक्ष्म चिरेतून तो सगळ्यांत तळाच्या थरातल्या पेशींत शिरतो आणि तिथंच राहतो. रक्तात उतरत नाही. पेशी फोडत नाही. त्या पेशी वाढत वाढत पृष्ठभागाकडे सरकतात तसा तोही वर येतो आणि एरवीही गळून पडणाऱ्या वरच्या पेशींबरोबर बाहेर पडतो. ना सूज, ना आरडाओरडा. पहारेकऱ्याला जाग यावी असं काही घडतच नाही. म्हणूनच नैसर्गिक संसर्गानंतर बऱ्याच स्त्रियांच्या रक्तात त्याविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडंही तयार होत नाहीत.

त्याला हटवतात त्या प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी. त्यांना खबर पोचवण्याचं काम आवरणातच बसलेल्या लँगरहान्स पेशी करतात. खबर पोचली, ओळख पटली, की काम सुरू होतं. कुणामध्ये हे सहा महिन्यांत घडतं, कुणामध्ये दोन वर्षांत, तर कुणामध्ये घडतच नाही.

ही ओळख पटवून देणारी भाजी नाही, फळ नाही, कॅप्सूलही नाही. एचपीव्हीचा संसर्ग बरा करणारं मान्यताप्राप्त औषधसुद्धा अजून नाही. आपल्या हातात उरतं ते एवढंच, की शरीर हे काम करत असताना त्याच्या वाटेत आपण धोंडे टाकू नयेत आणि पडलेले असतील ते उचलावेत. हे वाक्य ऐकायला फिकं वाटतं. तिलाही वाटलं. पण तिच्या वाटेत बरेच धोंडे होते आणि त्यातले काही तिनं प्रतिकारशक्तीच्या नावाखाली स्वतःच आणून ठेवले होते.

आहाराआधी तारीख

पहिल्या दिवशी मी आहाराचा तक्ता दिला नाही. कागदावर एकच ओळ लिहिली, कोल्पोस्कोपीची तारीख घ्या. ती चिडली. “मी तुमच्याकडे खाण्यासाठी आलेय. डॉक्टरांचं डॉक्टरांना माहीत.”

चाळीस मिनिटं बोललो. अखेर उपयोगी पडली न्यूझीलंडची गोष्ट. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या एका रुग्णालयात गर्भाशयमुखावर गंभीर कर्करोगपूर्व बदल, म्हणजे सीआयएन ३, असलेल्या काही स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसतं पाहत ठेवलं गेलं. हे अन्यायाचंच होतं. त्यांच्या नोंदींचं विश्लेषण २००८ साली प्रसिद्ध झालं. उपचार न झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाला. मी तिला आकडा दोन्ही बाजूंनी सांगितला. इतका गंभीर बदल असूनही शंभरातल्या एकोणसत्तर जणींना झाला नाही, एकतीस जणींना झाला. आपल्याला तर बदल आहे की नाही, असला तर कुठल्या पायरीचा, हेच माहीत नाही. ते बघितल्याशिवाय कळायचं नाही.

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “माझी जाऊ म्हणते, त्यात पिशवीचा तुकडा काढतात.”

तर हे होतं. अकरा आठवडे, सात बाटल्या आणि त्याखाली दडलेली ही भीती. मी सांगितलं: कोल्पोस्कोप म्हणजे भिंगाची दुर्बीण, ती शरीराबाहेरच राहते. गर्भाशयमुखावर ॲसेटिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावतात, बदललेली जागा पांढरट दिसते. गरज वाटली तर तिथला तांदळाच्या दाण्याएवढा नमुना घेतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम. थोडी कळ येते, एक-दोन दिवस डाग लागतात. गर्भाशयाला कुणी हात लावत नाही.

दोन आठवड्यांनी ती जाऊन आली. बायोप्सीत सीआयएन १ निघालं. हा बदल कर्करोगाच्या वाटेवरचा म्हणण्यापेक्षा चालू संसर्गाची खूण मानला जातो. बहुतेक वेळा तो आपोआप मागे सरतो, म्हणून त्याला हात न लावता लक्ष ठेवतात. याच्या वरच्या पायरीचं, सीआयएन २ चं सांगायचं तर अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली झालेल्या विश्लेषणात दोन वर्षांत निम्म्या स्त्रियांचा बदल मागे सरला होता आणि १८ टक्के स्त्रियांचा पुढे गेला होता. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारा महिन्यांनी पुन्हा चाचणी. माझं काम इथून सुरू झालं.

सात बाटल्या

दुसऱ्या भेटीत मी रक्ताचे रिपोर्ट घेऊन बसले. हिमोग्लोबिन ९.१, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ७, बी १२ कमी. यकृताचं एसजीपीटी ७८, प्रयोगशाळेची मर्यादा ४०. वजन अकरा आठवड्यांत ५८ किलोवरून ५१.५ वर आलेलं. सकाळी हिरवा रस, दुपारी कच्च्या भाज्या, संध्याकाळी फळं, रात्री पुन्हा रस. धान्य बंद, कडधान्यं बंद, दूध बंद, अंडी बंद, सगळं ‘शरीर शुद्ध व्हावं’ म्हणून. दिवसभराचं प्रथिन मी मोजलं तर २० ग्रॅमच्या पुढं जात नव्हतं. तिच्या शरीराला किमान पन्नासेक ग्रॅम लागत होतं. टी पेशी असोत की प्रतिपिंडं, सगळी प्रथिनांवरच बनतात. ज्या सैन्यावर तिची भिस्त होती, त्याची रसद तिनंच तोडली होती.

मग एकेक बाटली हातात घेतली. तीन बाटल्यांवरचं झिंक मिळून दिवसाला ७५ मिलिग्रॅम भरलं. प्रौढांसाठी वरची मर्यादा ४० आहे. झिंक कमी पडलं तर प्रतिकारशक्ती ढासळते हे खरं, पण महिनोन् महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं आणि त्यातून रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशीही कमी होतात. आधीच हिमोग्लोबिन ९ च्या घरात असलेल्या बाईला हे अजिबात नको होतं.

ग्रीन टीच्या अर्काच्या दोन कॅप्सूल मिळून दिवसाला ८०० मिलिग्रॅमहून जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतला मुख्य घटक, पोटात जात होतं. नेमक्या याच मात्रेपासून पुढे यकृताला इजा झाल्याच्या खुणा दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली नोंदवलं आहे. एसजीपीटी का वाढलं असावं, याचा संशय तिथंच गेला. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या आणि सहा आठवड्यांनी आकडा ३४ वर आला. ‘ग्रीन टी एचपीव्ही मारतो’ हा समज बहुधा एका मलमावरून पसरला आहे. ग्रीन टीच्या अर्काचं मलम बाह्य जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी अमेरिकेत २००६ साली मंजूर झालं. पण ते त्वचेवर लावायचं असतं आणि त्या चामखिळी मुख्यतः टाइप ६ आणि ११ मुळे येतात. टाइप १६ साठी कॅप्सूल गिळण्याशी त्याचा संबंध नाही.

कोबीवर्गीय भाज्यांतल्या घटकापासून बनवलेली डीआयएम कॅप्सूल होती. वेल्समध्ये साडेपाचशे स्त्रियांवर सहा महिने तिची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष २०१२ साली आले: कॅप्सूल घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांत फरक नाही. फॉलिक ॲसिडचीही अशीच कथा. ज्यांच्या रक्तात फोलेट कमी, त्यांच्यात गर्भाशयमुखावरचे बदल जास्त दिसतात, म्हणून १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३५ स्त्रियांपैकी काहींना रोज १० मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड सहा महिने दिलं. तिथंही फरक पडला नाही. मला यात विसंगती दिसत नाही. खड्डा असेल तर तो भरलाच पाहिजे. भरलेल्या खड्ड्यावर ढीग रचून रस्ता आणखी चांगला होत नाही.

मशरूमच्या अर्कावर टेक्सासमध्ये एक चाचणी झाली आहे, २०२२ साली प्रसिद्ध झाली, निष्कर्ष आशादायक आहेत. पण त्यात स्त्रिया पन्नासच्या आसपासच होत्या. तेवढ्यावर कुणाचा उपचार उभा करावा असं मला वाटत नाही, आणि यकृत ताळ्यावर येईपर्यंत सगळंच बंद ठेवणं शहाणपणाचं होतं. एका चूर्णाच्या डब्यावर तर घटकांची नावं होती, मात्रा नव्हत्या. तो मी उघडलाही नाही.

शेवटची बाटली बीटा कॅरोटीनची. गाजरातलंच रंगद्रव्य, म्हणून ती सर्वांत निरुपद्रवी वाटत होती. मी सहज विचारलं, “सिगारेट?” पहिल्या भेटीत ती ‘कधीमधी’ म्हणाली होती. या वेळी खाली बघत म्हणाली, “आठ-दहा. चौदा वर्षं झाली. घरात मुलांना माहीत नाही.”

१९९४ साली फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. धूम्रपान करणारे २९ हजारांहून अधिक पुरुष त्यात होते. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं होतं, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल या अपेक्षेनं. झालं उलटं. ज्यांना ते दिलं त्यांच्यात कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खायला काहीच हरकत नाही. पण सिगारेट ओढणाऱ्या माणसानं मोठ्या मात्रेतलं बीटा कॅरोटीन कॅप्सूलमधून घेऊ नये. कर्करोगाच्या भीतीनं आणलेल्या बाटल्यांपैकी एक कर्करोगाचाच धोका वाढवणारी होती. हे तिला सांगताना माझाही आवाज जरा खाली गेला.

सगळ्यांत मोठा धोंडा

मला विचाराल तर या प्रकरणात ताटात काय होतं यापेक्षा हातात सिगारेट होती, हे कितीतरी पट महत्त्वाचं होतं. निकोटीन आणि त्याचं शरीरात होणारं रूप, कोटिनीन, गर्भाशयमुखाच्या स्रावातही सापडतं. धूर फुप्फुसात जातो, पण त्याचा अंश थेट त्या जागेपर्यंत पोचतो. खबर देणाऱ्या लँगरहान्स पेशी धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखात कमी आढळतात. या कर्करोगाचा नेहमी आढळणारा, स्क्वेमस प्रकार त्यांच्यात साधारण दुप्पट दिसतो. लंडनमधल्या एका लहान अभ्यासात, १९९६ साली, सहा महिने सिगारेट सोडलेल्या किंवा बरीच कमी केलेल्या स्त्रियांचे सौम्य बदल आकारानं लहान झाले होते.

हे ऐकून ती म्हणाली, “हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? सगळे हळद आणि लिंबू सांगत होते.”

सोडायची तारीख तिनंच ठरवली. डॉक्टरांनी निकोटीनचे पॅच आणि च्युइंग गम दिले. रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास सगळ्यांत जोरात तलफ यायची, कारण त्याच वेळी सगळे सहकारी चहासाठी बाहेर पडत. तिनं त्या पंधरा मिनिटांत बाहेर न जाता जिना चढायला सुरुवात केली. चार मजले वर, चार खाली. पहिल्या महिन्यात दोनदा घसरली, दोन्ही वेळा मला फोन केला. पाच महिन्यांत पॅचही सुटले.

खाणं, झोप आणि घर

आहाराबद्दल मी सर्वांत कमी लिहिते आहे, कारण त्यात चमत्कारिक काही नव्हतं. रस बंद करून भाज्या आणि फळं अख्खी खायला लावली. धान्यं परत आणली. डाळी, कडधान्यं, अंडी, दही मिळून प्रथिन ५० ग्रॅमच्या वर नेलं. हिरव्या पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट मिळतंच. लोहाच्या गोळ्या आणि बी १२ डॉक्टरांनी दिलं. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होता, त्याचे उपचार त्यांनी वेगळे केले. मी एवढंच बघितलं की लोह असलेल्या जेवणासोबत क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी असावं आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब राहावी, कारण चहातले घटक लोह शोषू देत नाहीत. चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११.८ झालं, वजन ५६ वर आलं.

झोप अवघड होती. रात्रपाळीच्या आठवड्यात ती चार-साडेचार तास झोपायची. २००२ साली झालेला एक प्रयोग मी तिला सांगितला: काही रात्री फक्त चार तास झोपू दिलेल्या तरुणांना फ्लूची लस दिली, तर दहाव्या दिवशी त्यांच्यातली प्रतिपिंडं नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. हे फ्लूचं आहे, एचपीव्हीचं नाही, हेही सांगितलं. तिनं वरिष्ठांना विनंती करून पाळ्या सलग लावून घेतल्या, खोलीला जाड पडदे लावले, दिवसाची झोप सहा तासांवर गेली. तणावाबद्दल मात्र मी जपूनच बोलते. गर्भाशयमुखावर बदल असलेल्या आणि जास्त ताण जाणवणाऱ्या स्त्रियांमध्ये टाइप १६ विरुद्धचा टी पेशींचा प्रतिसाद कमी दिसल्याचं २००८ मधलं संशोधन आहे. पण घाबरलेल्या बाईला ‘ताण घेऊ नका, त्यानं व्हायरस वाढतो’ असं म्हटलं की तिला ताणाचाही ताण येतो.

तिला आणखी एक सवय लागली होती, रिपोर्ट आल्यापासून रोज आतून धुण्याची. ती तात्काळ बंद करायला सांगितली. योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू तिथली आम्लता टिकवून संरक्षण देतात, आतून धुतल्यानं तेच वाहून जातात.

आणि घर. रिपोर्टच्या दिवशी नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला होता, “हे आलं कुठून?” त्यानंतर दोघं यावर बोललेच नव्हते. ती स्वतःला धूत होती त्याचं मूळ मला या प्रश्नात दिसलं. डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आज सापडला म्हणजे आज आला असं नाही. तो कधी, कुणाकडून आला हे कुठल्याही चाचणीतून कळत नाही. मग कंडोमचा विषय निघाला. नेदरलँड्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या जोडप्यांनी कंडोम वापरले त्यांच्यातल्या ५३ टक्के स्त्रियांचे बदल दोन वर्षांत मागे सरले, न वापरणाऱ्यांत ३५ टक्के. पुन्हा पुन्हा विषाणूशी गाठ पडणं थांबतं, म्हणून असेल. नवऱ्यानं लगेच होकार दिला. बाहेर पडताना तो तिला म्हणाला, “तेव्हा मी असं विचारायला नको होतं.” ती माझ्याकडे हे सांगताना रडली. मला वाटतं, तिच्या झोपेला पडद्यांपेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

बारा महिन्यांनंतर

पुन्हा चाचणी झाली. टाइप १६ पॉझिटिव्ह.

फोनवर ती बोललीच नाही. भेटायला आली तेव्हा वही घेऊन आली. वर्षभर रोज काय खाल्लं, किती झोपली, किती जिने चढली, सगळं तारीखवार. तिनं पानं उलटून दाखवली. “बघा ना मॅडम. मी कुठं कमी पडले?” आदल्या रात्री तिनं एक सिगारेट ओढली होती, तीही तिनं वहीत लिहिली होती.

त्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात शीर्षक होतं: ‘प्रतिकारशक्तीसाठी आहार’. ते बघून मला चूक कळली. तोंडानं मी कितीही वेळा सांगितलं असेल की खाण्यानं विषाणू जाईल असं नाही, तरी लेखी मी तिला उलटंच दिलं होतं. अशा शीर्षकाखाली रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तो परीक्षेत नापास झाल्यासारखाच वाटणार. मी ते खोडलं आणि खाली लिहिलं: हिमोग्लोबिन, वजन, झोप, सिगारेट. चारही ठिकाणी ती वर्षभरापूर्वीपेक्षा खूप पुढं होती. विषाणू त्या यादीत नाही, कारण तो तिच्या मेहनतीनं जाणार की नाही हे तिच्या हातात नाही. शिस्तीत राहूनही काही जणींचा संसर्ग टिकतो, कसलीही शिस्त नसलेल्यांचाही जातो.

पुन्हा कोल्पोस्कोपी झाली. या वेळी ती एकटी गेली, जावेला न विचारता. बदल पहिल्याइतकाच सौम्य होता, पुढं सरकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक वर्ष पाहू.

त्याच सुमारास तिनं लसीचं विचारलं. लस आधीच झालेला संसर्ग घालवत नाही, त्यामुळे तिच्या टाइप १६ वर तिचा परिणाम होणार नव्हता. पण तिची मुलगी बारा वर्षांची होती. लसीचा खरा फायदा संसर्गाशी गाठ पडण्याआधी, आणि ९ ते २० वर्षांच्या मुलींना एक डोसही पुरेसा आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये म्हटलं आहे. महिन्याभरात मुलीला लस मिळाली. आईनं आपल्या रिपोर्टबद्दल तिला सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

पहिल्या रिपोर्टनंतर सत्तावीस महिन्यांनी चाचणीत एचपीव्ही आढळला नाही, पेशीही नॉर्मल. ‘आढळला नाही’ म्हणजे समूळ गेला असंच नव्हे, चाचणीला दिसेल एवढा उरला नाही असंही असू शकतं, म्हणून पुढची तपासणी वर्षानं ठरली. तिला आपला अनुभव इतर बायकांना सांगायचा होता, ‘आहारानं एचपीव्ही बरा झाला’ म्हणून. मी नको म्हटलं. सिगारेट सुटल्यानं गेला, कंडोममुळे गेला, रक्त सुधारल्यानं गेला की एरवीही गेलाच असता, हे एका बाईवरून ठरवता येत नाही. शेवटी तिनं आपल्या ओळखीतल्या तिघींना एवढंच सांगितलं की कोल्पोस्कोपीत पिशवीचा तुकडा काढत नाहीत. त्यातली एक तिची जाऊ होती. तिचीही तपासणी झाली.

माझ्याकडे येणाऱ्यांनी भरायच्या फॉर्ममध्ये पूर्वी पहिला प्रश्न असायचा, तुम्ही दिवसभरात काय खाता. आता तो तिसरा आहे. पहिला आहे, डॉक्टरांनी सांगितलेली कुठली तपासणी राहिली आहे का आणि तिची तारीख काय. दुसऱ्यात लिहिलं आहे, घरात असलेल्या सगळ्या बाटल्या सोबत आणा.